पिंडाला शिवलेली माकडीण

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधी माफी मागून घेतली की हात चालतो.

माझी लेक शहरात गोपालपुऱ्याला डॉक्टरकीच्या क्लासला जायची. फी माझ्या भावाकडून उसनी आणली होती. संध्याकाळी मी भाजी निवडायची आणि ती जीवशास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचायची. एकदा गच्चीवर माकडं आली, तर तिचे बाबा म्हणाले, "जा, तुझे आजोबा आलेत, पाया पड."

"आजोबा नाही हो बाबा! चुलत भाऊ. मतलब, फार फार मागे आपला नि त्यांचा खापरपणजोबा एकच. कावळासुद्धा नात्यातलाच, पण लांबचा."

मी विचारलं, "मग देवाने काय केलं?"

"हेच केलं असेल ना आई, सावकाश. तुझा स्वयंपाक तरी एकदम होतो का?" असं म्हणून ती देवापुढे दिवा लावायला उठली.

मला पटलं की नाही, आठवत नाही. तिचं बोलणं ऐकत बसावंसं वाटायचं.

पावसाळा सरताना डेंग्यूने ती गेली. दवाखान्यात शेवटी एकच म्हणायची, "मामाचे पैसे कसे देणार गं?"

दहाव्याला डोंगरातल्या देवळापाशी, गलताजीच्या कुंडावर गेलो. कावळा पिंडाला शिवला की जीव सुटला, नाहीतर मागे काही अडकलंय, असं आमच्याकडे मानतात. हे हात जोडून म्हणाले, "बाळा, मामाची पै न पै फेडतो." कावळे भिंतीवरून हलले नाहीत. ऊन चढलं. हे तेच तेच म्हणत राहिले, आवाज फाटला त्यांचा. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात एक माकडीण, पोटाशी पिल्लू धरलेली, खाली आली आणि पिंड खाऊ लागली.

हे काठी घेऊन धावले. "बाटवला! पोरीचा घास बाटवला!"

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण त्यांचा हात धरला. "मारू नका. कावळ्यापेक्षा जवळची आहे ती. तुमच्या लेकीनेच सांगितलंय ना?"

ह्यांनी काठी खाली ठेवली. गुरुजींनी उरलेल्या भाताला दर्भाचा कावळाही शिववला. मी नको म्हटलं नाही. माकडिणीचं पिल्लू तिला घट्ट बिलगलं होतं, मी तेच बघत होते.

तिच्या पुस्तकात नातं लिहिलंय. जीव सुटतो की नाही, ते लिहिलेलं नाही, आणि विचारायला ती नाही.

म्हणून दर पगाराला पैसे पाठवत राहिलो. भाऊ म्हणायचा, "ताई, लाजवतेस का मला?" गेल्या सोमवारी शेवटचे पाठवले. तिच्या फोटोपुढे उभी राहून सांगितलं, "मामाचे सगळे फिटले गं."