लातूरच्या कव्वालीत गयाबाईचं तरट

लातूरच्या कव्वालीत दगड घेऊन शिरल्याबद्दल मला पोलिसांनी धरलं. दगड चार होते, चारही गोल होते, आणि एकही कुणाला मारायचा नव्हता. हे मी पोलिसांना सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. तुमचा तरी बसावा म्हणून पहिल्यापासून सांगतो. (चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, लिहिण्यातलं सांभाळून घ्या.)

आमच्या कंधारला उरसात कव्वाली व्हायची. उघड्या मैदानात. तिकीट नाही, खुर्ची नाही. जागा धरायचा एकच कायदा होता, तो म्हणजे तरट. सकाळी घरातलं तरट नेऊन मैदानात अंथरायचं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि घरी येऊन निवांत भाकरी थापायच्या. संध्याकाळी जाऊन बघा, तरट जागच्या जागी. कलेक्टर आला तरी दुसऱ्याच्या तरटावर पाय द्यायचा नाही.

आमची बायको गयाबाई ह्या कायद्यातली वकील होती. तिचं तरट गुळाच्या पोत्याचं. त्याला तिनं जुन्या लुगड्याचा लाल काठ शिवला होता, म्हणजे लांबून ओळखू यावं. दगड मन्याड नदीच्या पात्रातून स्वतः निवडून आणलेले. मला पसंत करताना तिनं एवढा वेळ लावला नव्हता. आणि जागा म्हणजे एकदम पुढची, कव्वालाच्या नाकासमोरची. "त्याच्या तोंडातलं पान दिसलं पाहिजे," असं तिचं म्हणणं.

माझी एक खोड आहे. कव्वालीत मला झोप लागते. दिवसभर दुकानात सायकलींत हवा भरायची, आणि ढोलक वाजायला लागली की माझ्यातली हवा जायची. मग गयाबाई तरटाच्या कोपऱ्यावरचा एक दगड उचलून गुपचूप माझ्या मांडीखाली सारायची.

"पुढं बसून घोरायचं असलं तर मागं बसा की," म्हणायची, "मागल्याला तरी पुढं येऊ द्या."

त्या एका दगडाच्या जोरावर मी आयुष्यभर कव्वाली ऐकली.

एका वर्षी उरसात एक पोरगेला कव्वाल आला होता. मिसरूड फुटलेलं, पण आवाज असा की लिंबाच्या झाडावरची पाखरं उडाली. त्या दिवशी दगड सारायला गयाबाईला जरा उशीर झाला. कव्वालानं गाणं थांबवून भर मैदानात विचारलं, "बहनजी, भाईसाब सो गए क्या?"

सगळं मैदान हसलं. गयाबाई काय लाजणारी बाई नव्हती. बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम जोर से गाव जी, उठ जाते वो!"

तो पोरगा जोरात गायला आणि मी उठलो. तेव्हापासून तो कव्वाल तिचा झाला आणि मी सगळ्या गावाचा विनोद झालो.

गयाबाई मागच्या पोळ्याला गेली. तेव्हापासून झोप माझ्याकडं फिरकली नाही. जी झोप ढोलकीच्या दणक्यात यायची, ती आता गादीवर बोलावून येईना. लेक शोभा मला लातूरला तिच्या घरी घेऊन जायला आली. घर आवरता आवरता कोपऱ्यातले दगड तिच्या हाताला लागले.

"अप्पा, हे कशाला ठेवलेत? फेकू का?"

"तुला फेकीन," म्हणलं.

ती गप बसली. (आईवर गेलेली नाही, लवकर गप बसते.) दगड आणि तरट माझ्या पिशवीतून लातूरला आले.

नंतर डोळे दाखवायला नांदेडला गेलो, तर दवाखान्याच्या भिंतीवरच्या जाहिरातीत तोच कव्वाल. मिसरुडाची जागा पांढऱ्या दाढीनं घेतलेली, पण तोच. शोभानं वाचून दाखवलं. हा त्याचा शेवटचा दौरा होता आणि लातूरला कार्यक्रम होता. मी तिथंच ठरवलं. गयाबाईची जागा धरायची, आणि धरायची ती पुढचीच.

जावई विलासराव लातूरच्या एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवतात. प्रश्न वाचून होईपर्यंत उत्तर काढायचं, हे तिथलं शिक्षण. अशा माणसाला तिकीट काढणं काय अवघड, असं मला वाटलं.

"विलासराव, दोन पाहिजेत. कव्वालाच्या तोंडातलं पान दिसलं पाहिजे."

"अप्पा, आता स्टेजवर पान खात न्हाईत."

"मग काय खातेत?"

"काई न्हाई. पाणी पितेत."

जग किती बिघडलंय ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

तिकिटं सुटायच्या वेळेला विलासरावांनी घरातले सगळे मोबाइल पाटावर मांडले. शोभानं उदबत्ती लावली. प्रत्येक मोबाइलवर एक गोल चक्र फिरत होतं. मी म्हणलं, "चाक वाकडं फिरतंय, तारा ताणून घ्या." कुणी ऐकलं नाही. चक्र थांबलं तेव्हा तिकिटं संपली होती.

"अजून सुरू बी झालं न्हाई, तर संपली कशी? कुणी घेतली?"

"दलालांनी, अप्पा. ते मशीन लावून घेतेत. आता दुसरीकडं तेच इकायलेत."

"त्यांला कव्वालीचा नाद हाय का?"

"त्यांला कव्वाली म्हणजे गाणं का गाव, ते बी ठाऊक नसंल."

मी बराच वेळ विचार केला. म्हणजे एकानंच पहाटे उठून सगळ्या मैदानावर तरटं अंथरायची आणि ज्याला गाणं ऐकायचंय त्यानं त्याच्याकडून जागा विकत घ्यायची. आमच्या उरसात असं कुणी केलं असतं, तर त्याला तरटात बांधून मन्याडात सोडला असता. इथं त्याला धंदा म्हणतात.

शेवटी विलासरावांच्या ओळखीत कुणीतरी सांगितलं, की गंजगोलाईच्या बाजारात पानटपरीवर एक निळ्या शर्टाचा माणूस असतो. गेलो. त्यानं मोबाइलमधनं तिकिटं काढून दाखवली. पहिली रांग, मधल्या खुर्च्या. भाव ऐकून मी टपरीला धरून उभा राहिलो. एका तिकिटात दुभती शेळी आली असती, आणि शेळी दोन तासांत संपत नाही.

"अप्पा, एकच घेऊ," विलासराव कानात म्हणाले.

"दोन."

"दुसरं कुणाला?"

"हाय एक बाई."

आता मेलेल्या बायकोला तिकीट काढतोय म्हणून जावयाला कसं सांगायचं? डोळ्यांच्या डॉक्टरावरून मला थेट डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं. म्हणून मोघम बोललो. त्या मोघम बोलण्यानं घरात काय आग लावली, ते मला संध्याकाळी भिंतीआडून कळलं.

"कंधारच्या कुसुमबाईच असणार," शोभा सांगत होती. "आई गेल्यापासून रोज भाजी पाठवीत होत्या. मला तवाच शंका आली होती."

"अगं, म्हातारपणी माणसाला सोबत लागती," विलासराव म्हणाले.

"तुम्ही गप बसा. अजून वर्ष झालं न्हाई माझ्या आईला."

(कुसुमबाईंच्या भाजीत मीठ इतकं असतं, की त्या भाजीवर कुणी लग्न करणार नाही. पण हे भिंतीआडून कसं सांगणार?)

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच निघालो. जागा संध्याकाळी जाऊन धरतात, असं मला कुणी शिकवलंच नव्हतं. काखेत तरट, पिशवीत दगड, खिशात विलासरावांनी छापून दिलेली दोन्ही तिकिटं. सभागृहात मांडवाची माणसं खुर्च्या आणि पेट्या वाहत होती. मीही त्यांच्या मागं आत गेलो. ओझं घेतलेल्या माणसाला आपल्याकडं कुणी तिकीट विचारत नाही. उलट एक जण मला म्हणाला, "मामा, जरा ही बी खुर्ची घ्या." मी ती पण नेली.

माझ्या दोन खुर्च्या सापडल्या. पांढरे झगे घातलेल्या, मागं नवरीसारखी गाठ. दोन्हींवर मिळून तरट अंथरलं, लाल काठ स्टेजकडं केला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. जरा लांब जाऊन बघितलं. झकास. तिकडं शेळीच्या भावात खुर्च्या विकणाऱ्यांना म्हणलं, आता उचलून दाखवा. मग घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि धुतलेलं धोतर नेसलो.

संध्याकाळी दारात तिकिटं दाखवली. पोरानं त्यांवर मशीन धरलं, तर मशीन लाल झालं.

"बाबा, ह्या तिकिटांवर आधीच दोघं आत गेलेत."

"कोण गेलंय? मी तर हितं हाय."

"तुम्हाला कुणीतरी फसवलं. तीच तिकिटं दोनदा इकलीत."

निळा शर्ट माझ्या डोळ्यांपुढं फडफडला. एवढ्यात आतून माणसं बाहेर यायला लागली. शिट्ट्या वाजल्या. कुणी म्हणालं, पहिल्या रांगेत काहीतरी सापडलंय. कुणी म्हणालं, बेवारस पोतं आहे, त्यात जड काहीतरी आहे. कुणी म्हणालं, कुत्रं बोलावलंय.

मी छाती पुढं काढून म्हणलं, "ते माझं हाय."

माझ्याभोवती एवढी मोकळी जागा कधीच झाली नव्हती. दुसऱ्या क्षणी एका पोलीस बाईनं माझा दंड धरला. माझ्या नातीच्या वयाची असेल, पण पकड लोहाराची.

मला आत नेलं. पुढच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या आणि गयाबाईचं तरट मधोमध एकटं बसलं होतं. पोलिसांच्या कुत्र्यानं ते हुंगलं, शेपूट हलवली आणि चाटायला लागलं. गुळाचं तरट आहे, त्याला तरी अक्कल होती.

"बाबा, दगड कशाला आणले?" पोलीस बाईनं विचारलं.

"जागा धरायला."

"जागा दगडानं धरतेत का?"

"जागा तरटानं धरतेत. दगडानं तरट धरतेत."

"तुमच्याजवळ तिकिटं दोन हायत. दुसरं कुणाचं?"

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. बघतो तर शोभा आणि विलासराव. कुसुमबाईला रंगेहाथ पकडायला माझ्या मागं मागं आले होते, आणि गडबडीत दारातून आत घुसले होते. शोभानं कमरेवर हात ठेवले होते.

"सांगा की अप्पा, कुणाचं हाय दुसरं?"

"गयाबाईचं," म्हणलं.

"बोलवा त्यांला," पोलीस बाई म्हणाली.

"त्या मागच्या पोळ्याला वारल्या."

कुत्रंसुद्धा चाटायचं थांबलं. शोभाचे कमरेवरचे हात खाली आले. विलासराव उगीच चष्मा पुसायला लागले. पोलीस बाईनं माझा दंड सोडला आणि तरटाचा लाल काठ बोटानं चाचपला.

"मी कंधारजवळच्या लोह्याची हाय, बाबा," ती हळू म्हणाली. "आमची आजी जत्रेत असंच करायची."

आता प्रश्न खुर्च्यांचा. माझ्याच तिकिटांवर आधी आलेलं जोडपं बाजूला उभं होतं. निळ्या शर्टानं त्यांच्याकडूनही एकेक शेळी घेतलेली. कायद्यानं खुर्च्या त्यांच्या झाल्या होत्या. पण त्यातल्या बाई कुत्र्याकडं बघत म्हणाल्या, "आम्हाला त्या खुर्च्या नकोत. आम्हाला कुठंही मागं बसवा." दुसरंही कुणी तिथं बसायला तयार होईना. कार्यक्रमवाले घाबरे झाले, कव्वालासमोरच रिकाम्या खुर्च्या कशा दिसतील? म्हणाले, बसवा बाबांनाच.

म्हणजे तिकीट खोटं निघालं आणि तरट खरं निघालं.

"तरट न्या," पोलीस बाई म्हणाली, "पण दगड माझ्यापाशी राहतील. आत चालत न्हाईत."

"ताई, एक तरी द्या."

"एक कशाला?"

"मांडीखाली लागतो."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि चारही दगड ठेवून घेतले.

मी एका खुर्चीत बसलो आणि शोभाला म्हणलं, बस. ती म्हणाली, "आईची जागा हाय, अप्पा." मी म्हणलं, "तुझ्या आईनं तरटावर कधी जागा रिकामी ठेवली का? उशिरा आलेल्या बाईला सरकून घ्यायची ती." शोभा तरटाच्या काठावर अंग चोरून बसली.

कव्वाल आला. त्याला दोघांनी धरून आणलं. बसल्यावर पाणी प्याला, पान नाहीच. मग त्यानं डोळे मिटून पहिला सूर लावला. आवाज म्हातारा झाला होता, पण मालक तोच होता. ढोलकीवर थाप पडली. गयाबाई इथं असती तर, असं मी म्हणायला लागलो.

पुढचं मला आठवतं ते थेट टाळ्याच. सगळं सभागृह उभं होतं. शोभाचे डोळे सुजले होते आणि माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं.

"झालं का?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं, अप्पा. कव्वालानं मधीच थांबून मला इचारलं, 'बेटी, अब्बा सो गए क्या?'"

"तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, धीरे से गाव जी."

"अगं, उठवायचं न्हाई का?"

"पोळ्यापासून आज झोपलात," ती म्हणाली. "कसं उठवू?"

मी तरट झटकलं, घडी घातली. दारात पोलीस बाई माझे दगड रुमालात बांधून उभी होती.

"घ्या बाबा, चारी हायत. बंदोबस्तामुळं मला काई ऐकाय आलं न्हाई. पुढंच होता तुम्ही, कशी झाली कव्वाली?"

"मला काय ठाऊक, ताई," म्हणलं, "दगड तुमच्यापाशी होता."