फुगलेली पानं

मैद्याच्या खळीत मोरचूद पडलं की जो आंबूस, किंचित विषारी वास सुटतो, त्याने मला आजही मळमळतं. पनवेलच्या आमच्या ग्रंथालयामागच्या पडवीत मे महिन्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम चाले. खाडीवरून येणाऱ्या खारट, चिकट वाऱ्यात खळीचा वास मिसळे, बाइंडर उघड्या अंगाने घाम निथळत बसलेला असे आणि पुस्तकं दाबायचा त्याचा लोखंडी शिकंजा दिवसभर करकरत राही... नव्वदच्या आसपासच्या एका मे महिन्यात त्या शिकंज्यात माझ्या बहिणीची कादंबरी सापडली.

सुमाताई जन्मांध. मुंबईच्या अंधशाळेत राहून शिकायची आणि सुट्टीत घरी यायची, पण घरात तिला वाचण्याजोगं एक पान नव्हतं. आईची भांडी आटोपली, माझं खेळून झालं, बाबांना कंटाळा नसला, तर कुणीतरी वाचून दाखवणार — तेही उपकार केल्याच्या सुरात. त्या वर्षी मात्र ग्रंथालयात ब्रेलमधली एक कादंबरी आली, चार खंडांची, एकेक खंड पाटाएवढा. दुपारी खिडक्या लावून घेतलेल्या मधल्या खोलीत, सुकत घातलेल्या आंबोशीच्या वासात, ताई खंड मांडीवर घेऊन बसे. तिची बोटं उठावदार टिंबांच्या ओळींवरून सरकत जात आणि मध्येच ती एकटीच खुदकन हसे. “काय गं, काय?” मी विचारलं, तर म्हणायची, “तुला नाही सांगत जा!” आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून न आलेलं असं काहीतरी तिला प्रथमच मिळालं होतं.

तीन खंड झाले. चौथा उघडणार, तोच ग्रंथालयाचे कार्यवाह घरी आले आणि चारही खंड दोन्ही काखोटींना मारून घेऊन गेले. वर्धापनदिनाला ‘अंध वाचक विभागा’चं उद्घाटन होतं, पाहुणे येणार होते, तेव्हा पुस्तकं कशी नीटनेटकी दिसायला हवीत. “आणि पानं किती फुगलीत बघा वहिनी, दमटपणानं! बाइंडरकडून दाबून घेतो.” आमच्या गावात पावसाळ्यापूर्वीच कागद फुगतो, पापड सादळतात, हे खरं. पण ज्या मुलीसाठी म्हणून पुस्तकं मागवली, ती समोर उभी होती हो! तिला एका शब्दाने विचारायला काय धाड भरली होती? ताई “काका, दाबू नका” म्हणाली, तर तिच्या डोक्यावर टपली मारून “होय हो, होय” म्हणत गेले.

समारंभाच्या सकाळी मी पडवीत डोकावले, तेव्हा बाइंडर कौतुकाने खंड थोपटत होता. “मस चापून बसवलीय. आता येक पान फुगनार नाय, बग!” पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं — डोळसांना दिसणारी.

संध्याकाळी अगरबत्त्यांचा धूर, हारातल्या शेवंतीचा कुबट वास, घामेजलेले सफारी सूट. पाहुण्यांनी ताईच्या खांद्यावर शाल घातली, तिचा गाल कुरवाळला, फोटोसाठी तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि छायाचित्रकाराला फोटो नीट मिळाला नाही म्हणून पुन्हा कोंबला. शी! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मग कार्यवाहांनी चौथा खंड तिच्यापुढे उघडला. “वाच हं बाळ, दोनच ओळी.”

ताईचं बोट पानावर फिरलं. पुन्हा फिरलं. तिने पान उलटलं, मग दुसरं, मग घाईघाईने चार-पाच...

“पाठ असेल ते म्हण,” कार्यवाह कुजबुजले, “कुणाला कळतंय!”

ताई माईकमध्ये स्पष्ट म्हणाली, “यात वाचायला काही उरलं नाही. तुम्ही सगळी टिंबं चेपून टाकलीत.”

मग पाहुण्यांनी रुमाल डोळ्यांना लावला, “केवढं दुःख या दोन वाक्यांत!” असं म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. अख्खी सभा टाळ्या वाजवू लागली! ताई मात्र “अहो, खरंच चेपलीत, हात लावून बघा” म्हणत राहिली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी हात लावायला कोण येणार होतं? त्या टाळ्यांची मला जितकी किळस आली, तितकी पुढे कशाचीच आली नाही.

घरी आल्यावर ताई रडली नाही. आईचाच जीव तुटत होता. “अगं, ती कादंबरी छापील मिळते. मी पुन्हा आणते, शेवटपर्यंत वाचून दाखवते.”

“तू गाळतेस,” ताई म्हणाली.

आई पदराला हात पुसू लागली.

“आत्ता ब्रेलमध्ये वाचली ना, तेव्हा कळलं. पहिला भाग तू मागे वाचून दाखवला होतास. त्यात ती दोघं विहिरीपाशी भेटतात, ते तू वाचलंच नव्हतंस. आणि तो मुलगा मरतो... तुझ्या वाचण्यात तो गावाला गेला होता.”

आई पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. तरीही तिने पुस्तक आणलं आणि उरलेली गोष्ट आठवडाभर वाचली — अगदी सावकाश, एकेक शब्द. शेवट गोड होता. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि कूस बदलून झोपली.

आता ताई खांदा कॉलनीत राहते, फोनवर मनात येईल ते पुस्तक, मनात येईल तेव्हा ऐकते. ती कादंबरी मात्र अजून त्यात आलेली नाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी म्हटलं, “छापील प्रत आहे माझ्याकडे. खरा शेवट सांगू का?”

“नको,” ताई म्हणाली. “तूही गोडच सांगशील.”