दासगाव मागे पडलं की

आमची सूनबाई संध्याकाळी पाहुण्यांना महाड-पोलादपुरातलं खाणं दाखवत फिरवते. रायगड बघून उतरलेली मंडळी छोट्या गाडीत बसवायची, टपऱ्या-गाड्यांवर खायला घालायचं आणि जागोजागी तिथली एखादी गोष्ट सांगायची. शेवटचा थांबा पोलादपूरला, एका बाईच्या गाड्यावर. तांदळाची गरम भाकरी आणि वर सुक्या जवळ्याची, म्हणजे अगदी बारीक कोलंबीची, चटणी. तिथली गोष्ट अशी की, या बाईच्या आईची इथे टपरी होती, मुंबईच्या गाड्या तिच्यापाशी थांबायच्या. पुढे रस्ता रुंद झाला, गाड्या परस्पर जायला लागल्या आणि टपरी बंद पडली.

ही गोष्ट सुनेला मीच सांगितली होती. ती खोटी आहे.

परवा ती म्हणाली, "बाबा, आज तुम्हीच चला. तुम्ही गाडी चालवायचात तेव्हाचं तुमच्याच तोंडून ऐकू दे लोकांना." मी गुडघ्याचं कारण काढलं. तिने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

महाडात पहिल्या वड्याच्या गाडीवर औद्योगिक वसाहतीतले कामगार पाळी सुटून आले होते. त्या गर्दीत मी हातातला वडा नुसता कुस्करत राहिलो. पुढच्या ठिकाणी बाकावरून दोनदा उठलो, गाडीपर्यंत जाऊन परत आलो.

"बाबा, बसा की जरा. मुंग्या चावतायत का?" सून म्हणाली. पाहुण्यांतल्या एकाने हसत पाण्याची बाटली पुढे केली. "काका, मिरची लागली वाटतं!"

पोलादपुरात पोहोचल्यावर मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, म्हणून सुनेनेच नेहमीची गोष्ट सांगितली. बाई तव्यावरची भाकरी उलटत होती. मान वर न करताच म्हणाली, "रस्ता मागनं झाला गो. टपरी त्याच्या आधीच बसली होती."

"मग कशाने?"

"लोक बोलायचे, आमच्या जवळ्यानं पोटं बिघडतात. कुणी उठवलं ते कळलंच नाय. आई मरेस्तोवर तेच विचारत होती."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. चार पावलं गेलोही. मग परत फिरलो.

"मी उठवलं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

मुंबई-खेड खासगी गाडीवर मी ड्रायव्हर होतो. तिच्या आईकडे आम्ही रोज थांबायचो, विकत घेऊन खायचो. मग घाटाच्या पायथ्याशी नवं हॉटेल झालं. तिथे गाडी थांबवली की ड्रायव्हर-क्लिनरला जेवण फुकट, तेही मटणाचं. मी थांबा हलवला. प्रवासी कुरकुरायला लागले, त्यांना भाकरीच हवी होती. म्हणून मुंबईहून येताना दासगाव मागे पडलं की मी गाडीत मोठ्याने सांगायचो, तिकडे खाऊ नका, परवाच दोघांना जुलाब झाले. कुणाला काही झालं नव्हतं. मी स्वतः तो जवळा वर्षानुवर्षं खाल्ला होता. पोलादपुरात तिची आई टोपली घेऊन रस्त्याला उभी असायची. मी ओळखीचा हॉर्न वाजवून निघून जायचो.

मघाच्या पाहुण्याने घास हातातच धरला होता. "म्हणजे आता खायचं की नाही?"

बाई एकदम हसली. "खा रे बाबा! तेच तर सांगतायत एवढा वेळ." मग तिचं हसू गेलं. तिने तव्यावरची भाकरी खाली उतरवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आईसमोर बोलायला हवं होतंत."

"हो."

"आता तिला काय ऐकू येणार नाय. पण गाडीत माणसं रोज नवी असायची ना? तुम्ही रोज सांगायचात ना?"

"रोज."

"मग हेबी रोज सांगा. एकदा बोलून मोकळं नाय व्हायचं, काका."

परतताना महाड आल्यावर सून म्हणाली, "माझ्या तोंडून किती जणांना खोटं सांगितलंत, बाबा."

काल मी न बोलावता गाडीत जाऊन बसलो. पाहुण्यांचं एक कुटुंब दासगावात चढणार होतं. ते बसले, लहान मुलीने विचारलं, आधी काय खायचं? गाडी निघाली. मी खिडकीची काच वर केली, पुन्हा खाली केली. सून आरशातून माझ्याकडे बघत होती. दासगाव मागे पडलं, तसा मी सीटवर मागे वळून बसलो आणि घसा साफ केला.