आई येईपर्यंत थांबलेला बाप्तिस्मा
१९७४ च्या डिसेंबरात एका रविवारी मालेगावजवळच्या नदीत माझा बाप्तिस्मा चार तास उशिरा झाला. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. सकाळी चर्चची मंडळी काठावर जमली असतानाच किन्हीराजा गावाहून अडलेल्या बाळंतिणीसाठी बैलगाडी आली आणि आई तिच्यात बसून गेली. आई आल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, असं मी पाळकांना सांगितलं. मंडळी गाणी म्हणत थांबली. दुपारी आई परतली तेव्हा तिच्या साडीला स्पिरिटचा वास येत होता. “सिस्टर, काहून एवढा उशीर?” पाळकांनी विचारलं. “पोरगी पायाळू होती, तिले कायची घाई?” आई म्हणाली. “मायलेकी बऱ्या हायेत. अन् तुमचं पानीबी तापलं.” मग चपला काढून ती माझ्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात आली आणि तिनं माझा हात पाळकांच्या हातात दिला.