खोटा माज

डुकरांच्या त्या फार्मवर खाद्य कालवणाऱ्या माणसाला सगळे नाकमामा म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, पण तिखट होतं. मक्याची गाडी आली की मामा बाही कोपराच्या वर सरकवायचे, पोत्यात खोलवर हात घालायचे, मूठभर दाणे नाकाशी धरायचे आणि एकच शब्द बोलायचे. "चालेल", नाहीतर "परत". परत म्हटलं की गाडीवाल्याने कितीही गयावया केली तरी पोतं उतरायचं नाही. मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "तपासण्या कसल्या करता, आमचे मामा आहेत ना!" अशा वेळी मामा मान खाली घालून हसायचे, पण ऐकायचे मात्र कान देऊन.

त्या हिवाळ्यात ते तापाने आडवे झाले. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परतला नाही. साबण, फिनेल, ओली माती, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. येईल हळूहळू, असं म्हणत ते थांबले. कोणाला बोलले नाहीत, घरी मामींनाही नाही. कामावर पोत्यात पूर्वीइतकाच खोल हात घालायचे, तेवढेच दाणे नाकाशी धरायचे, जरा वेळ डोळे मिटायचे आणि अंदाजाने सांगून टाकायचे.

अशातच एक गाडी आली. दाणे वरून कोरडे होते, आत काही काही गुलाबीसर. मामांनी हुंगल्यासारखं केलं.

"चालेल."

कोवळ्या माद्या सांभाळणारी ताई तिथेच उभी होती. तीही मूठभर दाणे घेऊन बघत होती. "मामा, कुबट नाही का येत वास? आणि हाताला ओलसर लागतंय."

"नाक माझं की तुझं?" मामा म्हणाले. गाडीवाला खो खो हसला. ताईने दाणे पोत्यात टाकले आणि गेली.

काही आठवड्यांनी तिच्या गोठ्यातल्या माद्यांमध्ये फरक दिसू लागला. अजून लहानच होत्या त्या, माजावर यायला बराच अवकाश होता. तरी त्यांची मागची बाजू लाल होऊन सुजली, सड फुगले. बघणाऱ्याला वाटावं, आल्या वयात. मामा तर हरखूनच गेले. "खाद्य माझं आहे म्हटलं! पोरी वेळेच्या आधी तयार झाल्या!" मालकीणबाईंना त्यांनी हाताला धरून नेऊन दाखवलं. मालकीणबाईंनी शेजारच्या फार्मवाल्याला बोलावून दाखवलं.

ताईला ते पटेना. "पाठीवर हात दाबला तर उभ्या राहत नाहीत हो. खऱ्या माजावरची मादी खांबासारखी उभी राहते. या पळतात. आणि पलीकडचा नर ढुंकूनही बघत नाही यांच्याकडे."

"तुला चांगलं बघवत नाही," मामा म्हणाले.

मग एक मादी एकसारखी कुंथू लागली आणि तिचं अंग बाहेर आलं. जनावरांचे डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला टाके घातले, बाकीच्या तपासल्या आणि हात धुताधुता विचारलं, "हार्मोनच्या सुया दिल्यात का कोणी? नाहीतर खाद्यात बुरशी असणार."

"खाद्याचा प्रश्नच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मामांनी हुंगून घेतलंय."

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. "खात्री आहे?"

मामांनी मान हलवली. हो म्हणून.

मग राहिल्या सुया. औषधांच्या कपाटाची किल्ली ताईकडे असायची. मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत तिच्याकडून ती मागून घेतली आणि सांगितलं, छडा लागेपर्यंत घरी थांब. ताईने आधी मामांकडे बघितलं. मामा हातातल्या बादलीच्या कडीशी चाळा करत होते. ती गेली, तेव्हा तिचे गमबूट दारात तसेच राहिले, एक उभा, एक आडवा. मामा येताजाता त्यांना वळसा घालून जाऊ लागले.

घरीही त्यांचं चित्त नव्हतं. एका संध्याकाळी मामी शेजारी गेल्या होत्या. दूध तापत होतं आणि मामा शेगडीपासून दोन हातांवर, पाठ करून, बुटाची नाडी ओवत बसले होते. मामी पळत आल्या. "अहो! जिन्यापर्यंत करपट वास येतोय! झोपलात की काय?"

"लक्ष नव्हतं."

मामींनी काळं पातेलं उतरवलं, खिडकी उघडली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "डोळे मिटा."

"काहीतरीच काय?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी काहीतरी त्यांच्या नाकाशी धरलं. मामांनी जोरात श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"साबण," ते म्हणाले.

डोळे उघडले तर समोर कॉफीचा डबा. मामी हसल्या नाहीत. "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि मका?"

मामांनी बुटाची नाडी पुन्हा हातात घेतली. मामींनी डब्याचं झाकण लावलं. "ती पोरगी चोर ठरून घरी बसलीय, आणि तुम्ही इथे दोन्ही वेळ जेवताय," एवढंच म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं. त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

सकाळी मालकीणबाई आणि डॉक्टर गोठ्याशी उभे असताना मामांनी सांगून टाकलं. सांगताना बाही कोपरावर चढवली, का ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. तो मका मी नुसता बघून घेतला. ताईने सांगितलं होतं मला."

डॉक्टरांनी त्या मक्याची उरलेली पोती फोडायला लावली. आत दाण्यांची ढेकळं झाली होती. "ही बुरशी असं विष करते की मादीच्या अंगाला वाटतं, आपण वयात आलो," ते म्हणाले. "वरून सगळं दिसतं, आत काही तयार नसतं. कोवळ्या माद्यांना तर ते फारच लवकर बाधतं." मालकीणबाईंनी दोष कुणालाच दिला नाही. पाहुण्यांपुढे त्याही मिरवल्या होत्या.

ताईला निरोप गेला. ती आली, गमबूट घातले, किल्ली घेतली. मामा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "चुकलो गं. तू सांगत होतीस आणि मी..."

"मक्याचं काही नाही, मामा," ती म्हणाली. "आजारपण कुणालाही येतं. पण किल्ली घेतली तेव्हा तुम्ही समोर उभे होतात." आणि ती माद्यांना पाणी सोडायला गेली.

खाद्य बदलल्यावर सूज उतरली. पुढे बहुतेक माद्या रीतसर माजावर आल्या, काही उशिरा. टाके घातलेली मात्र दगावली. मालकीणबाईंनी मामांना काढलं नाही. गाडी आली की ओल बघायचं यंत्र लावायचं, प्रत्येक नव्या मालाचा नमुना तपासायला पाठवायचा, आणि अहवाल येईपर्यंत पोतं खाद्यात घ्यायचं नाही, असं ठरलं. यंत्र ताई लावते, मामा पोती उचलतात. गाडीवाले अजून त्यांना जुन्याच नावाने हाक मारतात, त्यांना काय ठाऊक! मामा ओ देतात, पण वर बघत नाहीत. ताई त्यांच्याशी नीट बोलते, चहाचा कप हातात देते. कप घेताना मामांची नजर तिच्या कमरेच्या किल्लीवर जाते, आणि चहा कितीही गरम असला तरी ते तो उभ्या उभ्या संपवून निघतात.