सरबताला लागली पहार

सरबत फोडायला आमच्या घरी पहार लागली. यात अतिशयोक्ती काही नाही. पहार कळसच्या दाजींनी धरली होती आणि सरबत मी केलं होतं.

दिवस आईच्या वर्षश्राद्धाचा. शेळगावात रस्त्याकडेला आमचं कोल्ड्रिंकचं दुकान आणि मागं घर. दुकानात स्लशचं मशीन आहे. वर पारदर्शक टाकी, तिच्यात गरगरणारं पातं, खाली नळ. साखरेचं सरबत ओतायचं, ते फिरत फिरत भुसभुशीत गोठतं आणि गिऱ्हाईक जीभ नारंगी करून घरी जातं. आईला ते भारी आवडायचं. शेवटच्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसायची. "दत्ता, अर्धा गिलास दे की रं!" मी खिशातून शुगर मोजायचं यंत्र काढायचो. (ते माझ्या खिशात कायम असतं. मला येताना बघून नातेवाईक बोटं लपवतात!) आकडा बघून म्हणायचो, "आज नगं आई, उद्या बघू." असे पुष्कळ उद्या झाले. मग एका पहाटे ती झोपेतच गेली.

वर्षश्राद्धाला तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच गोष्ट मागितली. वर्षभरात ते माझ्याशी एवढं लांब पहिल्यांदाच बोलले. "निवदाच्या ताटात तिचा नारंगी गिलास पायजे. बारा वाजायच्या आत."

"येवढंच ना?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

सकाळी सरबत कालवताना मी अंगणात नजर टाकली. आमचा मुलूख उसाचा. ज्याच्या त्याच्या शेतात साखर आणि ज्याच्या त्याच्या रक्तातही साखर! कऱ्हाटीची आत्या, दाजी, खुद्द तात्या, सगळे गोळ्यांवर. म्हटलं, निम्मीच साखर टाकू. कुणाला कळतंय?

मशीनला कळलं.

साडेदहापर्यंत टाकीत नुसतं रंगीत पाणी फिरत होतं. मशीनच्या मागं घट्ट-पातळ करायचा एक स्क्रू असतो. तो मी घट्टकडं दोन आटे फिरवला. अकराला टाकीत बर्फाचे खडे धरले आणि पातं कण्हायला लागलं. मी माहितीपुस्तिका उघडली. ती चिनी भाषेत होती, पण चित्रात एक हसरा माणूस उजवीकडं बाण दाखवत होता. मीही आणखी उजवीकडं फिरवला. (तो का हसत होता, ते मला नंतर समजलं.)

आवाज ऐकून तात्या आले. त्यांचा जन्म साखर कारखान्यात पॅनमन म्हणून गेला. पाक उकळून साखरेचा दाणा कधी धरतोय, ते हा माणूस दोन बोटांत चोळून सांगायचा. त्यांनी नळाखाली बोट धरलं, थेंब अंगठ्यावर चोळला.

"साखर किती टाकलीस?"

"मापात हाय की."

"चिकटंना. पाणी हाय ह्ये. साखर हाय म्हनून त्ये भुसभुशीत ऱ्हातंय, न्हायतर दगुड हुतो."

"तात्या, ह्ये कारखान्याचं पॅन न्हाय. ह्यात कंप्युटर हाय!"

"मग कंप्युटरला इचार, साखर कुठं गेली."

कंप्युटरनं उत्तर दिलं. कडाक्! पातं मोडून थांबलं आणि टाकीत नारंगी रंगाचा एक भलामोठा दगड तयार झाला. साडेअकरा वाजले होते.

"आरं, गरम पानी वत!" आत्या उकळत्या पाण्याचा तांब्या घेऊनच आली. मी ओतलं. टाकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आत्या तांब्या मागं लपवून म्हणाली, "लई गरम हुतं जनू."

"सरका बाजूला," असं म्हणत दाजी पहार घेऊन आले. मी मशीनचा प्लग काढला. त्या दिवशी मी दाखवलेली अक्कल ती तेवढीच. तीन घावांत बर्फाचे तुकडे पार तुळशीपर्यंत उडाले आणि टाकीही त्यांच्या मागोमाग गेली.

पावणेबारा. तात्या नुसते माझ्याकडं बघत होते. शेवटी मीच बोललो, "निम्मीच टाकली हुती तात्या. समद्यास्नी शुगर हाय. तुमाला, दाजींना, आईला बी..."

"आईला?"



"दत्त्या," तात्या हळूच म्हणाले, "मेल्या मानसाची शुगर वाढत न्हाय रं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ष झालं तरी मी तिची साखर तोडतच होतो.

तात्यांनी पातेलं घेतलं, सरबत नव्यानं कालवलं, साखर मुठीनं टाकली आणि बोटांत चोळून बघितली. ग्लास भरून फोटोपुढं ठेवला. "घे. आज कोन मोजत न्हाय." बाराला पाच मिनिटं होती.

जेवणं झाल्यावर तो ग्लास त्यांनी उचलला आणि अर्धा पिऊन टाकला. "तात्या, शुगर!" मी ओरडलो. तासाभरानं त्यांनी स्वतःच माझ्यापुढं बोट धरलं.

"मोज."

मोजली.

"किती?"

"वाईच वाढलीया."

"मेलो का मी?"

"न्हाय."

"मग तिला बी अर्धा चालला असता."

एवढं बोलून ते उठून गेले, आणि मला तिथंच, सगळ्या पाहुण्यांसमोर, हुंदक्यावर हुंदका फुटला. आत्या धावत आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फुटक्या मशीनकडं बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगं लेकरा. वारंटीत आसंल की त्ये!"

मी डोळे पुसले आणि म्हणालो, "हाय आत्या. आजून चार म्हयनं हाय."