कोलशेतच्या मिठागरावरचं डुक्कर

कोलशेतच्या मिठागरावर राबणाऱ्या शेवंतीला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ही गोष्ट १८८२ सालच्या चैत्रातली. येऊरच्या डोंगरातून कुत्र्यांनी हुसकावलेलं रानडुक्कर भल्या सकाळी खाडीच्या चिखलात रुतलं. तिचा नवरा गोपीनाथ यानं फावड्याच्या घावांनी ते मारलं. दोघांनी मिळून जेमतेम बांधावर ओढलं.

"कोयता आणि माणसं घेऊन येतो," म्हणून तो गावाकडे गेला.

ऊन चढलं. डुकराचं पोट फुगू लागलं. शेवंती बांधावर येरझाऱ्या घालू लागली. दोन वर्षांपूर्वी असंच उशिरा फाडलेल्या डुकराचं मटण खाऊन तिची सासू चार दिवस तळमळली होती. वाचली नाही.

तिनं टोपलीची बांबूची कामटी मोडली, दगडावर घासून धार काढली. गावात बाळाची नाळ अशाच कामटीनं कापत. डुक्कर उताणं करून दोन्ही बाजूंना दगड लावले. छातीखाली कातडं चिरलं, आत दोन बोटं घातली आणि आतडं दाबून धरत कामटी बोटांच्या वरून पुढे नेली. आतडं फुटलं तर सगळं मटण वाया. कामटी बोथट झाली तेव्हा दगडावरचं कालव फोडून त्याच्या शिंपल्यानं कापलं. शेवटी दोन्ही हातांनी आतडी बाहेर ओढली आणि पोट उघडं राहावं म्हणून आत काठी आडवी लावली.

मिठागरातलं दाट खारं पाणी ती आत ओतत होती, तेवढ्यात मिठावर पहारा करणारा शिपाई आला.

"हे पाणी सरकारचं आहे, ठाऊक आहे ना?"

"हाय ठाव. पर मटन नासंल."

तो उघड्या पोटाकडे पाहत राहिला. "पुन्हा घेऊ नकोस," म्हणाला आणि बांधानं पुढे गेला.

दुपारी गोपीनाथ सहा माणसं घेऊन आला. "माझी वाट बघायची व्हती."

"लय बघितली," ती म्हणाली.

घरोघरी वाटे गेले. पुढचे दोन दिवस शेवंती दारोदार फिरून विचारत होती, कुणाचं पोट दुखतंय का. लोक हसत. कुणालाच काही झालं नव्हतं. तोवर तिनं स्वतः एक घासही घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं वाळत घातलेला एक तुकडा भाजला आणि उभ्या उभ्याच खाल्ला.